उजव्या मुठीची चुंबळ

मित्रांनो, भंडाऱ्याच्या मासळी बाजारात तुम्हाला कधी एक काळी, जुनी राजदूत मोटारसायकल उभी दिसली, तर तिच्या उजव्या मुठीकडे बघा. तिथे आरशाच्या दांडीला कापडाचं एक मळकं कडं बांधलेलं आहे. लोकांना वाटतं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलं असेल. कुणी म्हणतं, हात पुसायचं फडकं असेल. ते कडं म्हणजे मी. मी एक जुनी चुंबळ आहे. बाया डोक्यावर ओझं घेताना टोपलीखाली ठेवतात ती.

मला रेवताबाईच्या आईनं केलं. तिचं नाव सखाबाई. लेकीचं लग्न करडीच्या बुधराम ढिवराशी ठरलं, तेव्हा तिनं आपलं जुनं लुगडं फाडलं, पिळलं, गोल वळलं आणि वरून सुतळीनं घट्ट शिवलं. लेकीच्या हातात देताना ती म्हणाली, "सोनं द्याले नाई माह्याजवळ. हे घे. डोक्याले टोचनार नाई." ते साल चौसष्ट होतं. दर वर्षी पोळ्याच्या सुमारास रेवताबाई माझं वरचं कापड बदलायची. आत मात्र अजून सखाबाईचंच लुगडं आहे.

पंधरा वर्षं मी रेवताबाईच्या डोक्यावर बसले. बुधराम पहाटे वैनगंगेत जाळं टाकायचा. डोंग्यात तो मागे वल्हं धरून, आणि रेवताबाई पुढे. पाण्यातला खुंट, खडक तिला आधी दिसायचा. ती ओरडायची, "डावा घ्या! आता उजवा!" आणि डोंगा वळायचा. मासोळी निघाली की तो तिला पलीकडच्या काठाला सोडायचा आणि परत जाळ्याकडे वळायचा. मग टोपली डोक्यावर, टोपलीखाली मी, आणि पायी मोहाडीचा बाजार. टोपलीचं पाणी माझ्यात मुरायचं. मला वास यायचा, हे मी लपवत नाही. पण पंधरा वर्षांत एकदाही टोपली कलली नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

मग तिचा डावा हात बधिर व्हायला लागला. आधी बोटं, मग मनगट. एकदा बाजारात तिच्या हातातून तराजू पडला. बुधराम तिला भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मान दाबून बघितली आणि सांगितलं, "मणका झिजला आहे. आता डोक्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा नको. नाहीतर हा हात कायमचा जाईल."

बाहेर आल्यावर रेवताबाई हसली. "मंग मासोळी काय आपल्या पायानं बाजारात जाईल?"

 आठ दिवसांनी जेवता जेवता बुधरामनं एकदम सांगितलं, "मी फटफटी घेतो."

"तुमाले सायकल तरी येते का?"

"नाई येत. डोंगाबी आईच्या पोटातून शिकून नोतो आलो."

त्याला सायकल कधी लागलीच नव्हती. त्याची सगळी वाट पाण्याची. पण तो नागपूरला जाऊन, आगाऊ पैसे भरून गाडीसाठी नंबर लावून आला. नंबर यायला सव्वा वर्ष गेलं. तेवढे दिवस रेवताबाई त्याच्या नकळत अर्धी अर्धी टोपली नेतच होती. मला कळायचं. टोपली हलकी असायची, पण मान थरथरायची. मित्रांनो, ओझ्याचं खरं वजन तराजूला कळत नाही. ते चुंबळीला कळतं.

त्या सव्वा वर्षात बुधराम गाडी शिकला. करडीच्या दवाखान्यात भैय्याजी नावाचे कंपाउंडर होते. गावातली एकुलती एक मोटारसायकल त्यांची. ती ते दुसऱ्या कुणाच्या हाती रस्त्यावर देत नसत. पण मन मोठं. त्यांनी गाडी दवाखान्यामागे मोठ्या स्टँडवर चढवली आणि बुधरामला वर बसवलं. किक, क्लच, गिअर, ब्रेक, सगळं शिकवलं. मागचं चाक हवेत गरगर फिरायचं. असं पंधरा दिवस चाललं. शेवटी भैय्याजी म्हणाले, "झालं. आता फक्त स्टँड काढाचं रायलं."

नागपूरहून पत्र आलं की गाडी आली आहे, घेऊन जा. त्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळे ढीवर जाळी वाळवत बसले होते. चिंधू हा बुधरामच्या बरोबरीचा, जिभेनं तिखट. तो म्हणाला, "काय गा बुधराम, डोंग्याले चाकं लावून राहिला का?"

सगळे हसले.

"अरे, याची गाडी स्टँडावरच चालते," चिंधू पुढे म्हणाला. "पंधरा दिवस पळवली, पन दवाखान्याच्या पुढं नाई गेली."

बुधरामचा चेहरा लाल झाला. तो उठून उभा राहिला. "परवा बाजार आहे. परवा रेवताच्या डोक्यावर टोपली दिसली, तर मी पुन्हा जाळ्याले हात लावनार नाई."

हसणं थांबलं. ढिवरानं जाळ्याची शपथ घेणं म्हणजे साधी गोष्ट नाही. मी तेव्हा रेवताबाईच्या कमरेला खोचलेली होते. तिचा श्वास थांबलेला मला कळला.

दुसऱ्या दिवशी दोघं नागपूरला निघाली. रेवताबाईला जाणं भागच होतं. आमच्यात नवा डोंगा पाण्यात सोडताना आधी घरची बाई पुढे बसते. तिच्या हाताची हळद लागल्याशिवाय डोंगा पाणी ओळखत नाही, असं म्हणतात. मग गाडीलाही हळद लागायलाच हवी. पिशवीत नारळ, हळद-कुंकू, तांदळाच्या भाकरी आणि झिंग्याची चटणी होती. पिशवी बुधरामनं घेतली. बस भंडाऱ्याच्या पुढे गेल्यावर त्याला मी दिसले.

"चुंबळ काहून आनली? आज कोनती टोपली आहे?"

"सवय आहे," रेवताबाई म्हणाली. "कमरेले काही नसलं, का उघडं उघडं वाटते."

मी खिडकीतून येणारा वारा खात होते आणि माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. गाडी आली की माझं काम संपणार. पण गाडी आली नाही, तर तिचा हात संपणार. मी मनात म्हटलं, येऊ दे गाडी.

दुकान मोठं होतं. मागच्या अंगणात गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आमची गाडी काळी कुळकुळीत. टाकीत बघितलं तर रेवताबाईला स्वतःचं तोंड दिसलं. तिनं पदर सावरला, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. खाकी कपड्यातला परसराम मिस्त्री गाडीची चावी घेऊन आला. त्यानं बुधरामचं शिकाऊ लायसन बघितलं.

"चालवता येते ना, भाऊ?"

"येते. पंधरा दिवस चालवली."

"कुठवर?"

बुधराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. "जागेवरच," तो म्हणाला.

परसरामला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो पोट धरून हसला. "बरं, बसा. इथंच एक चक्कर मारून दाखवा."

बुधरामनं किक मारली. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली. क्लच हळूच सोडला. गाडी निघाली आणि मित्रांनो, ती अजिबात डगमगली नाही. हातभर रुंदीच्या डोंग्यात उभं राहून जाळं फेकणाऱ्या माणसाला तोल शिकवावा लागत नाही. परसरामचं हसू थांबलं. पण पुढे भिंत आली. परसराम ओरडला, "उजवीकडं घ्या!" बुधरामनं मूठ डावीकडे रेटली. गाडी डावीकडे वळली आणि रिकाम्या खोक्यांच्या ढिगात जाऊन शिरली.

गाडीला खरचटलं नाही. खोक्यांत गवत होतं. पुन्हा बसवलं. "डावीकडं!" म्हटलं की गाडी उजवीकडे. तीन वेळा असं झालं. दुकानातले लोक दारात जमले.

परसराम जवळ आला. तो आता हसत नव्हता. "दादा, तुम्ही पडाल, बाईलाही पाडाल. चार दिवस थांबा. भंडाऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकवर टाकून गाडी पाठवतो. मग गावात आरामात शिका."

चार दिवस. आणि बाजार उद्या.

बुधराम खोक्यांजवळ मान खाली घालून उभा होता.  रेवताबाईनं कमरेची चुंबळ काढली, म्हणजे मला काढलं, आणि डोक्यावर ठेवलं. बस, एवढंच केलं. वर टोपली नव्हती, पण तिला काय म्हणायचं ते त्याला कळलं. उद्याची टोपली मी नेते, तुमच्या शपथेचं आपण काहीतरी बघू.

"ते खाली ठेव, रेवता," बुधराम म्हणाला.  "ठेव म्हन्तो ना खाली."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्या हातांकडे. पंधरा वर्षं ती डोंग्याच्या पुढच्या टोकाला बसली होती. त्याचे हात ती पाठीनंसुद्धा ओळखायची.

"अवो," ती म्हणाली, "तुमी वल्हं मारून राहिले."

"काय?"

"वल्हं डाव्या अंगाले दाबलं, का डोंगा उजवा वळते. तुमी गाडीलेबी तसंच करून राहिले. ही गाडी वल्ह्याची नाही. जिकडं हात, तिकडं तोंड."

परसराम तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"समजलं मले," बुधराम म्हणाला. "पन कोनी उजवा म्हटलं, का हात आपोआप तिकडं जाते. वीस वर्षांचा हात आहे."

"मंग उजवा-डावा म्हनूच नाई," रेवताबाई म्हणाली.

तिनं मला डोक्यावरून काढलं. पदराची कडा दातानं फाडली आणि त्या चिंधीनं मला उजव्या मुठीलगत, आरशाच्या दांडीला घट्ट बांधलं. "हे पाहा. मी चुंबळ ओढा म्हटलं, का चुंबळ आपल्याकडं ओढाची. ढकला म्हटलं, का ढकलाची. दुसरं काही डोक्यात आनू नका."

बुधराम बसला. गाडी निघाली. भिंत आली. "ओढा!" रेवताबाई ओरडली. त्यानं मला छातीकडे ओढलं आणि गाडी उजवीकडे, लोण्यात सुरी फिरावी तशी वळली. "ढकला!" गाडी डावीकडे. "ओढा! ओढा! आता ढकला!" अंगणात दहा फेऱ्या झाल्या. दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी एवढी वर्षं डोक्यावर बसले, पण माझ्या नावानं टाळ्या तेव्हाच पहिल्यांदा ऐकल्या.

परसरामनं शहराच्या गर्दीतून पारडी नाक्यापर्यंत गाडी स्वतः आणून दिली. आम्ही मागून रिक्षानं आलो. नाक्याजवळच्या मोकळ्या जागेत त्यानं अजून तासभर सराव करून घेतला. निघताना रेवताबाईनं त्याला दोन भाकरी आणि चटणी दिली. तो म्हणाला, "बाई, पंधरा वर्षं गाड्या विकतो. गाडी नवरा चालवतो, असंच आतापर्यंत वाटत होतं."

"तेच चालवतात," रेवताबाई म्हणाली. "मले फक्त खुंट दिसते."

मग आम्ही भंडाऱ्याच्या रस्त्याला लागलो. बुधराम दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नव्हता. बैलगाडी दिसली की मागून आवाज, "ओढा!" ट्रक आला की, "ढकला, ढकला!" एका एसटीतल्या लोकांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या. त्यांना वाटलं, या बाईचं काहीतरी रस्त्यात पडलं. एकानं ओरडून विचारलं, "काय ओढू वो बाई?" रेवताबाई एवढी हसली की बुधरामला गाडी कडेला घ्यावी लागली.

मौद्याला कन्हानच्या पुलावर त्याचा हात मला थंडगार लागला. "पान्यात असलो का भेव नाई लागत," तो म्हणाला. "पान्याच्या वरून जाले भेव लागते."

"खाली पाहूच नका," रेवताबाई म्हणाली. "चुंबळीकडं पाहा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पूल संपला तेव्हा त्यानं मला अंगठ्यानं हलकेच दाबलं. पंधरा वर्षांत मला असं कुणी थोपटलं नव्हतं.

भंडारा आलं. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली. पूल संपला की डावीकडे करडीचा कच्चा रस्ता फुटतो. रेवताबाईनं तोंड उघडायच्या आत बुधराम स्वतःच म्हणाला, "ढकलतो," आणि वळला. दिवस मावळतीला आला होता. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, भाताची पाणथळ शेतं. गाडीच्या आवाजानं बगळे उडत होते.

गावात शिरायचा रस्ता तलावाच्या पाळीवरून जातो. पाळ अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मधोमध एक वाकडं वळण. त्या वळणावर अख्खं गाव उभं होतं. चिंधू सगळ्यांत पुढे, हात कमरेवर.

ते दिसताच रेवताबाई गप्प झाली. मला वाटलं, ती घाबरली. वळण जवळ येत होतं. बुधरामचा हात माझ्यावर घट्ट झाला. तो आवाजाची वाट बघत होता आणि आवाज येत नव्हता.

तेव्हा तिनं त्याच्या उजव्या खांद्यावर बोटं टेकवली. पदराच्या आतून, कुणाला दिसणार नाही अशी. आणि खांदा मागे ओढला.

त्यानं मला ओढलं. गाडी पाळीवरून वळली, सरळ झाली आणि चिंधूच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. पोरं ओरडली. भैय्याजी धावत आले. चिंधूनं गाडीला एक फेरी मारली, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाला, "च्यामारी! स्टँड काढला बाप्पा यानं."

गावानं बुधरामला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. नागपूरहून एकट्यानं गाडी चालवत आणली म्हणून पाळीवर त्याच्या गळ्यात हार पडला, कौतुक झालं. रेवताबाई पदर सारखा करत मागे उभी होती आणि तिचं तोंड असं चमकत होतं की त्यापुढे नवी टाकी फिकी. नवऱ्याला रस्ता सांगत आणलं, हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. ते गुपित आमच्या तिघांचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मासोळीची टोपली गाडीच्या मागच्या कॅरिअरला बांधली. रेवताबाई मोकळ्या डोक्यानं मागे बसली. तिला फार चमत्कारिक वाटत होतं. दोनदा तिनं डोक्याला हात लावून बघितलं, काही सांडलं तर नाही ना. आणि मी? मी मुठीजवळ होते, सगळ्यांत पुढे. माझं काम गेलं नव्हतं. वाढलं होतं.

मोहाडीला जायला नदी डोंग्यातून ओलांडावी लागे, गाडीला मात्र पूल हवा, म्हणून त्यानंतर सात-आठ वर्षं आम्ही भंडाऱ्याचा बाजार केला. तिचा हात पूर्ण बरा झाला नाही, पण गेलाही नाही. त्याच हातानं ती तराजू धरायची. नवी गाडी म्हणून लोक आधी गाडीचं कौतुक करायचे, मग बुधरामचं. माझ्याकडे कुणी बघत नसे. पुढे बुधरामचे हात शिकले. तो चौथ्या महिन्यातच भरधाव जायला लागला. तरी वळण आलं की मागून बोटं टेकायचीच, आणि तो माझ्याकडे एकदा बघायचाच.

सत्त्याऐंशी साली, माघ महिन्यात, रेवताबाई गेली. तीन दिवस ताप आला आणि गेली. याबद्दल मला जास्त सांगता येत नाही.

दहाव्याला सगळे वैनगंगेच्या घाटावर जमले. तिचं लुगडं, तिची टोपली नदीत सोडली. चिंधू गाडीजवळ आला. त्याचेही डोळे लाल होते. तो बुधरामला म्हणाला, "भाऊ, ही चुंबळबी तिचीच ना? सोडून दे गा पान्यात. गेलेल्या मानसाची वस्तू ठेवू नाई. जीव अडकते."

बुधरामनं गाठ सोडली. मला हातात घेतलं. घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन तो वाकला. पाणी मला लागलं. मी पाण्याला भीत नाही, माझं आयुष्य ओलंच गेलं. तिच्यामागे जायला माझी ना नव्हती.

पण हात सुटला नाही. बुधराम तसाच उभा राहिला. मग वळला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलला.

"नागपूरवरून गाडी मी नोती आनली."

 चिंधूला वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं.

"मले वळताच येत नोतं. डावा म्हटलं, का मी उजवा जाओ. खोक्यात जाऊन पडलो. तिनं हे बांधलं. ओढा म्हने, ढकला म्हने. नागपूर ते करडी, पुरा रस्ता तिनं आनली गाडी. तुमी पाळीवर मले हार घातला. मी घालून घेतला. ती मांगं उभी राहून हसत होती." त्यानं मला वर धरलं. "ही चुंबळ नाई. हे माह्या गाडीचं हँडल आहे. मी नाई सोडत."

 भैय्याजींनी चष्मा काढून पुसला. चिंधू पुढे आला. त्यानं मला बुधरामच्या हातातून घेतलं आणि स्वतःच पुन्हा दांडीला बांधलं. चांगली दुहेरी गाठ मारली.

माझ्या आयुष्यात याहून मोठा मान मला कधी मिळाला नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बुधरामनं ते सांगितलं तेव्हा ऐकायला अख्खं गाव होतं. फक्त ती नव्हती.

तुमच्याही घरात डोक्यावर ओझं घेणारं कुणी असेल. ओझं टोपलीचंच असतं असं नाही. ते वेळेवर उतरवा. मान थरथरायची वाट बघू नका. आणि ज्यानं तुम्हाला रस्ता दाखवला, त्याचं नाव तो समोर उभा असताना घ्या. चार लोकांत घ्या. हार त्याच्या गळ्यात घाला.

आज गाडी जुनी झाली आहे. टाकीचा रंग उडाला, त्यात आता कुणाचं तोंड दिसत नाही. मीही विरले आहे. पोळ्याच्या सुमारास बुधराम माझं वरचं कापड बदलतो. त्याचे टाके वाकडे पडतात, पण तो बदलतो. मासोळीची टोपली अजून मागच्या कॅरिअरलाच असते. सीटवरची रेवताबाईची जागा तो मोकळी ठेवतो. पाळीवरचं ते वळण आलं की त्याचा उजवा खांदा जरासा मागे जातो, आणि मग तो मला ओढतो.